कॅप-अँड-बॉल रिव्हॉल्व्हर: आधी पाचर, कमान शेवटी

इटलीहून आलेल्या नव्या कॅप-अँड-बॉल रिव्हॉल्व्हरची पेटी उघडली की पहिला मोह होतो तो घोडा मागे ओढून चाप दाबून बघण्याचा. तो आवरा. या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट निपलवर, म्हणजे ठिणगीची टोपी जिच्यावर बसते त्या पोकळ बोंडीवर, येतो. निपलवर टोपी नसेल तर पोलादावर पोलाद आपटतं, निपलची कड चेपते आणि पुढे त्यावर टोपी धड बसत नाही. दुकानाच्या काउंटरवर हौशी गिऱ्हाइकांनी कडकड चाप ओढलेला नमुना बाहेरून नवा कोरा दिसतो, पण त्याची निपल्स आधीच बाद झालेली असतात. विकत घेताना भिंगातून पहिल्यांदा तीच बघावीत.

कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर ठेवलेली ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या शस्त्राचं तत्त्व वेगळं समजावायला नको. नळीच्या तोंडातून दारू, वर छर्रे, गजाने ठासणं आणि मागे निपलवर टोपी. इथे तेच काम सिलिंडरच्या सहा खान्यांत पुढच्या बाजूने करायचं: दारू, शिशाची गोल गोळी, दांडीने दाब आणि मागे सहा टोप्या. धातूचं काडतूस हा प्रकारच नाही. सॅम्युअल कोल्टने फेब्रुवारी १८३६ मध्ये याचं अमेरिकन पेटंट घेतलं, न्यू जर्सीतल्या पॅटरसनला कारखाना काढला आणि तो काही वर्षांत बुडाला. १८४७ मध्ये कॅप्टन सॅम्युअल वॉकरच्या सूचनांवरून केलेल्या दोन किलोंच्या धुडाने कोल्टला पुन्हा उभं केलं. मग १८५१चं नेव्ही, १८६०चं आर्मी, त्यांच्या तोडीस तोड रेमिंग्टन आणि अमेरिकेची यादवी. १८७०च्या दशकात धातूच्या काडतुसांनी हा सगळा प्रकार मागे टाकला. भारताशी याचा संबंध अगदीच नाही असं नाही. १८५७च्या उठावात इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला कोल्ट आणि अ‍ॅडम्स बनावटीची अशीच रिव्हॉल्व्हरं होती आणि त्याआधी काही वर्षं कोल्टचा कारखाना लंडनमध्येही चालला होता.

आज आपण विकत घेतो त्या नकला मुख्यतः उत्तर इटलीतल्या ब्रेशा प्रांतातून येतात. १९६१ ते १९६५ या काळात यादवीची शताब्दी येणार, जुन्या लढायांचे खेळ होणार, त्यासाठी चालती शस्त्रं लागणार, हे व्हॅल फॉर्जेट या अमेरिकन व्यापाऱ्याने आधीच ओळखलं. त्याच्या नेव्ही आर्म्स कंपनीने इटलीत काम दिलं. आल्दो उबेर्तीने १९५९ मध्ये आपला कारखाना सुरू केला, पुढच्याच वर्षी पिएत्ता आली. बाजारातली बहुतेक प्रत्येक नवी नकल या दोघांपैकी एकाची असते, वर शिक्का कुठल्या का आयातदाराचा असेना.

कायदा आधी

हा लेख अमेरिका किंवा ब्रिटनमध्ये राहून हा छंद कायदेशीरपणे करू शकणाऱ्या वाचकांसाठी आहे. अमेरिकेत १९६८च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टप्रमाणे १८९८ किंवा त्याआधीची शस्त्रं आणि आजचं तयार काडतूस न घेणाऱ्या त्यांच्या नकला ‘अँटिक’ समजल्या जातात. म्हणून बऱ्याच राज्यांत त्या सरळ घरपोच येतात. पण राज्याचा कायदा वेगळा असू शकतो, आणि आपली माणसं जिथे दाटीने राहतात त्या न्यू जर्सीत तो चांगलाच वेगळा आहे. तिथे अशी नकल घ्यायलाही हँडगनचा परवाना लागतो. ज्या राज्यात कोल्टचा पहिला कारखाना निघाला, तिथेच त्याच्या रिव्हॉल्व्हरची नकल घेणं एवढं अवघड! तिथल्या एडिसनकरांनी निदान पॅटरसनच्या संग्रहालयात जाऊन मूळ नमुने बघून यावेत. काडतूस घेणारं कन्व्हर्जन सिलिंडर बसवलं की ‘अँटिक’चा हिशेबही बदलतो, तेव्हा ते ‘सहज म्हणून’ मागवू नका. ब्रिटनमध्ये १९९७च्या हँडगनबंदीतून तोंडाकडून भरायची रिव्हॉल्व्हरं वगळली गेली, पण फायरआर्म सर्टिफिकेट आणि दारूसाठी निराळी परवानगी लागतेच.

भारतात मात्र चालती नकल १९५९च्या शस्त्र कायद्याखाली शस्त्रच ठरते. परवान्याशिवाय ती बाळगता येत नाही. ‘शोभेची आहे हो’ असं म्हणत गावी नेण्याचा विचारही नको. काळी दारू आणि टोप्या तर विमानात हातातल्या पिशवीतही चालत नाहीत आणि खालच्या बॅगेतही नाहीत.

संग्रह करताना

पहिलं रिव्हॉल्व्हर कोणतं घ्यावं यावर दोन जुने पक्ष आहेत. रेमिंग्टनवाले म्हणतात, सिलिंडरच्या वरून जाणारी पट्टी असल्यामुळे फ्रेम एकसंध, मजबूत. नेम धरायची खाच फ्रेममध्येच कोरलेली. सिलिंडर काढायला क्षणभर लागतो. आणि दोन खान्यांच्या मधे घोडा टेकवून ठेवायला खोल खाचा आहेत. हे सगळं खरं आहे. कोल्टवाले म्हणतात, हातात धरून बघा. तेही खरं आहे. माझं मत विचाराल तर नेमबाजीच करायची असेल तर ०.४४ कॅलिबरचं पोलादी फ्रेमचं रेमिंग्टन न्यू मॉडेल आर्मी घ्या. यंत्र समजून घ्यायचं असेल, हातात कानस धरायची हौस असेल, तर ०.३६ चं कोल्ट १८५१ नेव्ही. वॉकर पहिलं घेऊ नका. ते दिसतं भारी, पण एका खान्यात साठ ग्रेनपर्यंत दारू खातं आणि प्रत्येक बाराला ठासणीची दांडी खाली लोंबते. मूळ वॉकरलाही हाच रोग होता.

पितळी फ्रेमच्या ०.४४ नेव्हीपासून लांब राहा. ती स्वस्त असते, चकचकीत असते आणि जवळजवळ प्रत्येक नवशिक्या तीच उचलतो. कोल्टचं १८५१ नेव्ही हे मुळात ०.३६ चं शस्त्र, ०.४४ मधलं नेव्ही ही विसाव्या शतकातली कल्पना आहे. पितळी फ्रेम मात्र इतिहासात होती. पोलादाची टंचाई असलेल्या दक्षिणेत, जॉर्जियात ग्रिझवल्ड अँड गनिसनने तशी रिव्हॉल्व्हरं केली, पण तीही ०.३६ ची. जड बार घातले की पितळावर सिलिंडरचा ठसा उमटतो, सिलिंडर ज्यावर फिरतं तो मधला दांडा हलायला लागतो आणि मग कुठलीही दुरुस्ती टिकत नाही. कमी दारू घालून ती वर्षानुवर्षं चालतात, हे खरं. पण नवा माणूस कमी दारू घालत नाही.

जुनी नकल घेताना तारीख ओळखायला शिका. इटलीच्या सरकारी चाचणीगृहाचा शिक्का फ्रेमवर किंवा नळीच्या बुडाशी असतो. चांदणीखाली ‘पीएन’ ही रोमन अक्षरं दिसली की ते काळ्या दारूने तपासलेलं आहे. जवळच चौकटीत रोमन लिपीतली दोन अक्षरं असतात, ती वर्षाची खूण. ‘एए’ म्हणजे १९७५, ‘सीए’ म्हणजे २००६. १९७५च्या आधीच्या नमुन्यांवर रोमन आकडे सापडतात. १९७१ पासून खुद्द कोल्ट कंपनीने काढलेली ‘सेकंड जनरेशन’ नेव्ही आणि पुढची मॉडेल्स संग्राहकांत वेगळ्याच भावाने जातात. ती पेटीसह, न झाडलेली मिळाली तर तशीच ठेवावीत. रूगरचं ओल्ड आर्मी १९७२ ते २००८ पर्यंत निघालं. ते कुणाचीच नकल नाही, पण या जातीतलं सर्वांत दणकट शस्त्र तेच आहे.

जुन्या मालात बघायच्या गोष्टी थोड्याच आहेत. स्क्रूंची डोकी कुरतडलेली असतील तर आधीच्या मालकाकडे धड स्क्रूड्रायव्हर नव्हता आणि आतही त्याने काहीतरी केलं असणार असं समजा. कोल्टची नळी फ्रेमला धरून ठेवणाऱ्या पाचरेचं डोकं हातोडीने ठेचलेलं असेल तर तेच. निपल काढून खान्याच्या तळाशी टॉर्च मारा. धुण्याचा आळस तिथे खड्ड्यांच्या रूपात दिसतो. आणि सगळ्यांत आधी सिलिंडर भरलेलं नाही ना, हे बघा. काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरसारखी मागून पितळ दिसण्याची सोय इथे नाही. प्रत्येक खान्यात पुढून लाकडी काडी घालून खोली मोजा. खंडेनवमीला पूजेत मांडायची हौस असेल, तर घरात पाहुणे येण्याआधी हेच पुन्हा करा.

जुळवणी

इटालियन नकल कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा ती झाडता येण्याजोगी असते, जुळलेली नसते. गेल्या दोनेक दशकांत यंत्रकाम पुष्कळ सुधारलं आहे, विशेषतः पिएत्ताचं. तरी शेवटचा हात फिरवायचं काम गिऱ्हाइकाकडेच राहतं. इथे बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. घोडा जड लागतो, म्हणून पहिल्यांदा त्याची कमान, म्हणजे मुख्य स्प्रिंग, हलकी करतात. मग टोप्या उडून यंत्रात अडकायला लागतात, मग निपल बदलतात, मग वैतागून रिव्हॉल्व्हर विकून टाकतात. क्रम महत्त्वाचा आहे. आधी नळी आणि फ्रेम एकमेकांत घट्ट बसली पाहिजेत, मग टोप्या, मग सिलिंडर थांबण्याची वेळ, मग खाने आणि नेमाची माशी. कमान सगळ्यांत शेवटी, आणि पुष्कळदा कधीच नाही.

कोल्टला वरची पट्टी नाही. नळी फ्रेमला धरून ठेवतो तो मधला जाड दांडा, ज्यावर सिलिंडर फिरतं, आणि त्या दांड्यातून आडवी जाणारी पाचर. मूळ कोल्टमध्ये दांड्याचं टोक नळीखालच्या भोकाच्या तळाला घट्ट टेकतं. पाचर कितीही दाबली तरी नळी ठरलेल्या जागेपलीकडे मागे येत नाही. उबेर्तीच्या बऱ्याच नकलांत हा दांडा किंचित आखूड असतो. परिणाम असा की पाचर जास्त ठोकली तर नळी सिलिंडरवर घासते, सैल ठेवली तर मधली फट वाढते आणि प्रत्येक बाराला नळी थोडी डोलते. सकाळी एका जागी लागणारं रिव्हॉल्व्हर दुपारी दुसरीकडे का लागतं, याचं उत्तर अनेकदा इथे सापडतं.

तपासायला काही उपकरण लागत नाही. पाचर उजवीकडून डावीकडे नायलॉनच्या हातोडीने हलकेच ठोकून बाहेर काढा. उजव्या बाजूला तिच्या टोकाशी छोटी स्प्रिंग असते, ती आधी दाबायची. नळी आणि सिलिंडर उतरवा. दांडा आणि भोक दोन्ही स्वच्छ पुसा, कारण भोकाच्या तळाशी साचलेली मळी तुम्हाला खोटं उत्तर देईल. आता एकटी नळी दांड्यावर चढवा, पण थोडी फिरवून, म्हणजे तिचा खालचा भाग फ्रेमच्या समोर न येता बाजूला येईल. तळाला टेकेपर्यंत दाबा आणि मग हळूच फ्रेमच्या दिशेने फिरवा. खालच्या भागाची मागची कड फ्रेमच्या पुढच्या कडेशी बरोबर जुळली तर दांड्याची लांबी योग्य आहे. ती कड फ्रेमच्या पुढच्या कडेच्याही मागे जाऊन आदळत असेल तर दांडा तेवढा आखूड आहे. जितकी मागे जाते तितकीच जाडी भरून काढायची. भोकात बसेल अशी पोलादी चकती कापून, घासून, ती भोकाच्या तळाशी सोडणं हा सर्वांत सोपा उपाय. चकती थोडी जाड ठेवा आणि तेलाच्या दगडावर एकेक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, कमी करत जा. प्रत्येक वेळी जोडून फीलर गेजने सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट मोजा. काळ्या दारूची काजळी धरून तीन ते पाच थाऊ फट चांगली. त्याहून कमी ठेवली तर थोड्याच बारांत सिलिंडर फिरायला कुरकुरतं. एकदा दांडा तळाला टेकला की पाचर अंगठ्याच्या जोराने किंवा हातोडीच्या हलक्या टिचकीने जागेवर बसते, आणि रिव्हॉल्व्हर अखंड लोखंडाचं असल्यासारखं वाटायला लागतं. पिएत्तात दांडा बहुधा बरोबर असतो, तिथे उलट पाचरच इतकी घट्ट असते की पहिल्यांदा काढताना घाम फुटतो. पाचरेच्या बाजू दगडावर सपाट घासा. खाचेला कानस लावू नका. पाचर नवी मिळते, नळी नाही.

रेमिंग्टनला या भानगडी नाहीत. तिथे डोकेदुखी सिलिंडरच्या पिनेची. ती बारीक असते आणि काजळीने लवकर जाम होते. भरताना प्रत्येक वेळी तिला चरबीचं किंवा मेणाचं वंगण लावलं की पुष्कळ काम भागतं.

आता टोप्या. कारखान्याची निपल्स पुष्कळदा जरा जाड असतात. टोपी अर्धवट बसते, घोड्याचा पहिला ठोका तिला खाली ढकलण्यात खर्ची पडतो आणि दुसऱ्या ठोक्याला ती फुटते. लोक दारूला दोष देतात. टोप्या दहा आणि अकरा नंबरच्या येतात, पण दोन कंपन्यांच्या एकाच नंबरात फरक असतो. तेव्हा तुमच्या निपलवर कोणती टोपी हाताने पूर्ण बसते आणि उलटं धरलं तरी पडत नाही, हे बघूनच डबे घ्या. निपल बदलायची असतील तर ट्रेसोची कांस्याची किंवा स्लिक्स-शॉटची स्टेनलेस. मागवताना आट्यांचं माप तपासा. इटालियन नकलांचे आटे बहुधा मेट्रिक असतात, रूगरचे तसे नाहीत. नवं निपल बसवल्यावर त्यावर पातळ कागद ठेवून घोडा हाताने हळू खाली आणा. कागद सुटा ओढता आला पाहिजे. अडकला तर घोडा निपलवर आदळतोय. टोपी दाबताना अंगठा वापरू नका, लाकडी काडी वापरा.

कोल्टचा दुसरा जुना रोग म्हणजे फुटलेली टोपी यंत्रात पडणं. घोड्याच्या तोंडाला एक खाच असते. सिलिंडरच्या मागच्या बारीक खुंट्यांवर घोडा टेकवून ठेवण्यासाठी ती ठेवलेली. टोपीचा पत्रा फुटून त्या खाचेत शिरतो, घोडा मागे ओढला की टोपी त्याच्याबरोबर येते आणि आत पडते. चांगल्या मापाची निपल्स बसवली की हे निम्म्याहून कमी होतं. उरलेल्यासाठी गनस्मिथ फ्रेममध्ये एक बारीक खुंटी बसवून देतो, जी घोड्याबरोबर मागे येणारी टोपी अडवते. काही जण घोड्याची खाच भरून घेतात. मग खुंट्यांवर घोडा टेकवता येत नाही, म्हणून रिकाम्या खान्यावरच टेकवायचा. तसा तो एरवीही तिथेच टेकवावा, म्हणून सहा खान्यांत पाच बार भरायचे.

यापुढचं काम कानाचं आहे. १९६६च्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’मध्ये टुको बंदुकीच्या दुकानात शिरतो, काही रिव्हॉल्व्हरं मोडतो, त्यातले आवडते भाग निवडून एक जोडतो आणि सिलिंडर कानाशी धरून फिरवतो. भाग असे एकमेकांत जात नाहीत. उबेर्तीची नळी पिएत्ताच्या फ्रेमवर घासल्या-जुळवल्याशिवाय बसणार नाही, एकाच कंपनीच्या दोन नमुन्यांतही बसेलच असं नाही. पण कानाशी धरणं अगदी बरोबर आहे. रिकामं रिव्हॉल्व्हर घ्या, निपल्स काढून ठेवा. एका हाताच्या अंगठ्याने घोडा अगदी सावकाश मागे ओढा, दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरवर हलकं टेकवून त्याला किंचित अडवा. घोडा उठताच खालची खिटी खाचेतून निघते आणि सिलिंडर सुटतं. ‘हात’ नावाचा आतला भाग त्याला पुढच्या खान्याकडे ढकलतो. मग खिटी पुन्हा वर येते, थोडी घसरते आणि खाचेत पडते: टक. घोडा पूर्ण चढतो: टक. हे दोन्ही आवाज एकाच क्षणी आले पाहिजेत. घोडा चढला पण सिलिंडर अजून बोटाने हलतंय, खिटी पडलीच नाही, तर आतला हात आखूड आहे. सिलिंडर अडकलं पण घोडा अजून चढला नाही आणि जोर लावावा लागतोय, तर हात लांब आहे. लांब असेल तर त्याचं टोक दगडावर दोनतीन घास, पुन्हा जोडून तपासणी, असं करत जायचं. आखूड असेल तर नवा हात मागवा. सहाही खाने तपासल्याशिवाय काहीही घासू नका. पाच बरोबर आणि एक चुकत असेल तर दोष हाताचा नाही, सिलिंडरच्या मागच्या दात्याचा आहे.

खिटी कुठे पडते तेही बघा. प्रत्येक खाचेच्या अलीकडे एक उथळ उतार कोरलेला असतो. खिटीने तिथे टेकून आत घसरायचं. ती फार लवकर पडत असेल तर सिलिंडरभोवती चकचकीत रेघ उमटते. १८५१ नेव्हीच्या सिलिंडरवर टेक्सासच्या आरमाराची १६ मे १८४३ची कॅम्पेचेची लढाई कोरलेली आहे, ऑर्म्सबी या कोरक्याचं काम; त्या जहाजांमधून ही रेघ गेली की जीव हळहळतो. ही दुरुस्ती खिटीच्या पायाशी असते आणि नाजूक असते. करायचीच असेल तर सुटी खिटी आधी मागवून ठेवा आणि जुन्या खिटीवर सराव करा. चापाच्या टोकाला आणि घोड्याच्या पूर्ण चढावाच्या खाचेला मात्र कोन बदलेल असं काही करू नका. तिथली खरखर बारीक दगडाने नुसती पुसून काढणं वेगळं, आणि चाप ‘केसासारखा हलका’ करणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात एक दिवस घोडा आपोआप सुटतो.

नेम सुधारायचा असेल तर मोजमाप करा. मऊ शिशाची गोळी नळीतून ढकलून बाहेर काढा आणि मायक्रोमीटरने तिचा सर्वांत मोठा व्यास घ्या. मग खान्यांचा व्यास घ्या. खाने नळीच्या खोबणींपेक्षा लहान असतील तर गोळी खान्यातच बारीक होते आणि नळीत सैल जाते. कितीही सराव केलात तरी गट जुळत नाही. उपाय म्हणजे रीमरने खाने नळीच्या मापाला आणणं. हे काम लेथ आणि नेमका रीमर असलेल्या गनस्मिथकडेच द्या. खाचांच्या जागी सिलिंडरची भिंत आधीच पातळ असते. घरी करता येण्यासारखं म्हणजे खान्याच्या तोंडाची धारदार कड किंचित मोडणं. त्याने गोळी आत जाताना कापली न जाता दाबली जाते, दांडीवर जोर कमी लागतो.

कोल्टचं रिव्हॉल्व्हर जवळच्या अंतरावर उंच मारतं. मागची नेमाची खाच घोड्याच्या डोक्यावर आणि पुढे पितळेची इवलीशी माशी. हा दोष नाही, जुन्या काळची पद्धतच तशी होती. १८६५च्या जुलैत स्प्रिंगफील्डच्या चौकात वाइल्ड बिल हिकॉकने डेव्हिस टटला मारलं ते साधारण पंचाहत्तर यार्डांवरून, असं सांगतात. आपण पंचवीस यार्डांवर कागदाला भोकं पाडणार. तेव्हा उंच माशी बसवून घ्या आणि गोळ्या नेमावर येईपर्यंत ती थोडी थोडी घासा. गोळ्या डावीकडे जात असतील तर माशीही डावीकडेच सरकवायची. हे उलटं वाटतं, पण बरोबर आहे.

राहिली कमान. कारखान्याची मुख्य कमान जड असते हे खरं. पण बार उडाल्यावर निपलच्या भोकातून मागे येणाऱ्या वायूच्या दाबाविरुद्ध घोड्याला खाली धरून ठेवते ती हीच. ती फार हलकी केली की घोडा उचलला जातो, टोपी फाटते आणि तुकडे यंत्रात जातात. वरचं सगळं झाल्यावरही जड वाटलीच तर कमानीची रुंदी थोडी कमी करा, घासण्याच्या रेघा लांबीच्या दिशेने ठेवा. आडव्या रेघेवर कमान मोडते. चाप आणि खिटीची दुहेरी पट्टी-स्प्रिंग मात्र खुशाल बदला. ती मोडतेच. तिच्या जागी तारेची स्प्रिंग चांगली चालते.

मैदानावर

फक्त काळी दारू किंवा तिच्यासाठी बनवलेले पर्याय. आजची धूरविरहित दारू चिमूटभरसुद्धा नाही, सिलिंडर फुटतं. ०.४४ ला बावीस ते पंचवीस ग्रेन, ०.३६ ला पंधरा ते अठरा, यापासून सुरुवात करा; अचूकता बहुधा इथेच सापडते. माप घनफळाचं. दारू डब्यातून थेट खान्यात ओतू नका, मापात घेऊन मग ओता, म्हणजे एखादी ठिणगी उरली असेल तर हातातला डबा पेटणार नाही. गोळी मऊ शिशाची, खान्यापेक्षा किंचित मोठी: ०.४४ ला ०.४५१ किंवा ०.४५४, ०.३६ ला ०.३७५ किंवा ०.३८०. दाबताना तोंडाशी शिशाची बारीक कडी सुटली किंवा गोळीभोवती चकचकीत पट्टा उमटला, तर खाना बंद झाला. गोळी दारूवर टेकलीच पाहिजे, मध्ये पोकळी नको. एका बारात शेजारचे खाने पेटण्याचा प्रकार क्वचित पण भयंकर. घट्ट गोळी, वंगण लावलेली चकती (वॉड) आणि घट्ट टोप्या ही त्यावरची खबरदारी. बार उडाला नाही तर रिव्हॉल्व्हर मिनिटभर निशाणाकडेच धरून ठेवा. चष्मा सगळ्यांनी घालायचा, बघायला आलेल्यांनीही.

धुणं त्याच दिवशी. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि पोलाद खाते. गरम पाणी, भांड्याचा साबण, ब्रश. लाकडी मूठ काढून बाकी सगळं बुडवलं तरी चालतं. कोरडं करा, ओव्हनमध्ये मंद आचेवर थोडा वेळ ठेवा, मग बॅलिस्टॉलसारखं तेल. निपलच्या आट्यांना वंगण लावून ती बसवा, नाहीतर पुढच्या वेळी निपलच्या पान्याचं तोंड वाकेल.

एकट्याने शिकण्यापेक्षा क्लबात जा. १९३३ साली स्थापन झालेली, इंडियानातल्या फ्रेंडशिप गावची नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशन, व्हर्जिनियात नॉर्थ-साउथ स्कर्मिश असोसिएशन. तिथली म्हातारी मंडळी तुमचं रिव्हॉल्व्हर हातात घेऊन अर्ध्या मिनिटात दोष सांगतात. आंतरराष्ट्रीय पातळीवर या रिव्हॉल्व्हरांची ‘मारिएत’ नावाची स्पर्धा होते: पंचवीस मीटर, तेरा बार, त्यातले चांगले दहा धरायचे.

एक विनंती आहे. वर कानस, दगड आणि रीमर यांच्याबद्दल जे लिहिलं ते नकलांपुरतं आहे. एकोणिसाव्या शतकातलं मूळ कोल्ट, रेमिंग्टन किंवा अ‍ॅडम्स हाती आलं, तर त्याला तेलाखेरीज काहीही लावू नका. त्याचा गंज घासू नका, स्क्रू बदलू नका, घोडा चढवून बघू नका. नीट जाणकाराला दाखवा आणि तोपर्यंत तसंच ठेवा. नकल पुन्हा मागवता येते.